सिनेमा-मालिकांतल्या गाजलेल्या गाड्या : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीवर, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, दसरा चौकातल्या गर्दीत सिनेमातल्या गाड्यांचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट मुद्दाम पाहिली आहे : गाडी कुणी बनवली आणि कशी बनवली. गाडी चालवणाऱ्या नटाचं नाव सगळ्यांना पाठ असतं. पत्रा ठोकणाऱ्या, वायरिंग करणाऱ्या माणसाला श्रेयनामावलीत फार तर एक ओळ मिळते, आणि कित्येकदा तीही मिळत नाही.

सिनेमात गाड्या हजारो दिसतात. त्यातली लक्षात राहणारी कोणती म्हणायची?

माझी कसोटी सोपी आहे. गोष्टीतून ती गाडी काढून टाका. गोष्ट तशीच उभी राहिली, तर ती गाडी नुसती शोभेची. गोष्ट कोसळली, तर ती गाडी पात्र आहे. महाग असणं, वेगवान असणं, चकचकीत असणं याचा इथे फारसा उपयोग होत नाही. कोट्यवधींची स्पोर्ट्स कार एका गाण्यात येते नि जाते, दुसऱ्या दिवशी तिचा रंगही आठवत नाही. उलट एखादी खटारा गाडी साठ-साठ वर्षं लोकांच्या बोलण्यात राहते.

कोल्हापूरचा या विषयाशी काय संबंध?

माझ्या मते फार जवळचा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी कोल्हापुरात देशी बनावटीचा सिनेमा कॅमेरा तयार करायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. मग बाबूरावांनी दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना घेऊन तो पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढे १९२९ मध्ये ‘प्रभात’ याच गावात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे इथल्या सिनेमाची सुरुवात कारखान्यातून झाली आहे. आधी यंत्र घडवलं, मग चित्र काढलं. आज उद्यमनगरात लेथ फिरतात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये वाहनांचे सुटे भाग ओतले जातात. ज्या गावात कॅमेरा आणि कास्टिंग दोन्ही झालं, तिथल्या माणसाला पडद्यावरच्या गाडीचा पत्रा कुणी वळवला हे विचारावंसं वाटणारच.

‘बॅक टू द फ्युचर’मधली डेलोरियन खरी गाडी होती की सिनेमासाठी बनवलेली?

गाडी खरी, कालयंत्र बनवलेलं. सिनेमात एक विक्षिप्त शास्त्रज्ञ या गाडीचं कालयंत्र करतो आणि ताशी ८८ मैलांचा वेग गाठला की ती दुसऱ्या काळात जाते. जॉन डेलोरियन या अमेरिकन गृहस्थाने उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळच्या डनमरी इथे कारखाना काढला. जिओर्जेत्तो जुजारोने रेखाटलेली, रंग न देता स्टेनलेस स्टीलचा पत्रा तसाच ठेवलेली, वर उघडणाऱ्या दारांची ही गाडी १९८१ साली बाजारात आली. इंजिन मागे, सहा सिलिंडरचं. दिसायला विमानासारखी असली तरी पळायला बेताचीच होती. जेमतेम नऊ हजार गाड्या बनल्या आणि १९८२ मध्ये कंपनी बुडाली.

१९८५ साली सिनेमा आला तेव्हा ही गाडी अपयशाची खूण होती, आणि तिची निवड मला त्यामुळेच अचूक वाटते. असला शास्त्रज्ञ धडपणे खपणारी गाडी कशाला घेईल? शिवाय ती दारं. गाडी १९५५ सालच्या एका शेतातल्या गोठ्यात घुसते, तेव्हा तिथल्या कुटुंबाला ती परग्रहावरचं यान वाटते, आणि आपल्याला ते पटतं. पटकथेच्या सुरुवातीच्या आराखड्यात कालयंत्र म्हणून चक्क फ्रीज होता. पोरं बघून फ्रीजमध्ये शिरतील या भीतीने तो बदलला. फार शहाणपणाचा निर्णय होता तो.

आता कारागिरी. गाडीच्या मागचा तो नळ्या, तारा, पेट्यांचा पसारा म्हणजे बराचसा विमानांचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं भंगार. रॉन कॉब आणि अँड्र्यू प्रोबर्ट यांनी चित्रं काढली आणि कार्यशाळेत भंगार बाजारातल्या वस्तूंनी ती उभी राहिली. घरच्या गॅरेजात एकट्याने जोडलंय असं दिसावं, हीच अपेक्षा होती. तो ८८ मैलांचा वेग म्हणजे ताशी साधारण १४२ किलोमीटर. त्या काळी अमेरिकेत विकलेल्या डेलोरियनचा स्पीडोमीटर ८५ मैलांवर संपायचा, म्हणून सिनेमासाठी वेगळा काटा बसवावा लागला. मुख्य गाडी नंतर पार खराब झाली होती. ती दुरुस्त केली आणि आता लॉस एंजेलिसच्या पीटरसन वाहन संग्रहालयात ठेवली आहे.

जेम्स बाँडच्या अॅस्टन मार्टिनमधली खुर्ची खरंच उडायची काय?

‘गोल्डफिंगर’ १९६४ चा. गाडी डीबी५, नंबर बीएमटी २१६ ए. तिच्यातली यंत्रं जॉन स्टिअर्स या स्पेशल इफेक्ट्सवाल्याने बसवली. फिरणारी नंबर प्लेट आणि मागच्या काचेआड वर येणारी पोलादी ढाल ही खरोखर हलायची. पुढच्या इंडिकेटरमागून येणाऱ्या मशिनगनी म्हणजे पोकळ नळ्या होत्या. त्यांत अॅसिटिलीन वायू सोडून ज्वाळा काढल्या. वेल्डिंगच्या दुकानात हा वायू सगळ्यांनी पाहिलाय. उडणारी खुर्ची मात्र गाडीत कायमची नव्हती. तेवढ्या शॉटपुरती वेगळी बसवली आणि माणसाच्या जागी पुतळा उडवला.

यंत्रं बसवलेली ती गाडी १९९७ मध्ये फ्लोरिडातल्या एका विमानतळाच्या हँगरमधून चोरीला गेली. २०२० मध्ये अॅस्टन मार्टिनने अशाच यंत्रांसह पंचवीस नव्या डीबी५ बनवल्या. एकेकीची किंमत साडेसत्तावीस लाख पौंड, कर वेगळे, आणि रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. मला विचाराल तर १९६५ मध्ये कॉर्गी कंपनीने काढलेली खेळण्यातली डीबी५ जास्त महत्त्वाची. खुर्ची तिच्यातही उडायची. ती सोनेरी रंगात काढली, कारण चंदेरी रंगात खेळणं रंगवायचं राहून गेल्यासारखं दिसत होतं. त्या खेळण्याने ही गाडी घराघरात नेली.

बाँडपटात आपली रिक्षाही आहे ना?

आहे. ‘ऑक्टोपसी’ १९८३ मध्ये आला, त्याचं चित्रीकरण उदयपूरला झालं. बाजारातल्या पाठलागात ऑटोरिक्षा पळते आणि ती चालवणारा आहे टेनिसपटू विजय अमृतराज. हा प्रसंग विनोदी आहे, पण रिक्षाचं वळणं घेणं, फटीतून निसटणं हे तिच्या अंगचे गुण ओळखून लिहिलंय.

‘नाइट रायडर’मधली किट चालकाशिवाय कशी चालायची?

चालक आतच असायचा. सीटच्या आकाराच्या आवरणामागे तो खाली दबून बसायचा, त्यामुळे कॅमेऱ्याला सीट रिकामी दिसायची. ही अमेरिकन मालिका १९८२ ते १९८६ चालली. किट म्हणजे तिच्यातली बोलणारी गाडी, पाँटिअॅक फायरबर्ड ट्रान्स अॅम. पुढच्या नाकावर डावीकडून उजवीकडे सरकणारा लाल दिवा ही तिची ओळख. आवाज विल्यम डॅनियल्स या नटाचा, आणि त्याने आपलं नाव श्रेयनामावलीत न देण्याची अट घातली होती. किटचा बोलका डॅशबोर्ड घडवणाऱ्या मायकल शेफीने पुढे डेलोरियनच्या कालयंत्रावरही काम केलं. दोन पिढ्यांची स्वप्नं एका माणसाच्या हातून गेली आहेत, आणि त्याचं नाव किती जणांना ठाऊक असेल? मला हे सांगायला फार आवडतं.

बॅटमोबाइल कोणत्या गाडीवर बनवली?

बॅटमोबाइल एक नाही. १९६६ च्या अमेरिकन टीव्ही मालिकेतली पहिली घ्या, कारण तिची गोष्ट सगळ्यात रंगतदार. १९५५ साली फोर्डच्या लिंकन विभागाने ‘फ्युचुरा’ नावाची एक प्रदर्शनी गाडी इटलीतल्या तुरिनच्या गिया कारखान्यात हाताने बनवून घेतली. त्या काळात अडीच लाख डॉलर खर्च आला. प्रदर्शनं संपली, गाडी पडून राहिली. शेवटी जॉर्ज बॅरिस या हॉलिवूडच्या गाडी-कारागिराने ती नावापुरता एक डॉलर देऊन घेतली.

मालिकेचं काम आलं तेव्हा हातात तीन आठवडे होते. तेवढ्यात नवी गाडी उभी करणं अशक्य. बॅरिसकडे फ्युचुरा होती, तिला आधीच मोठे पंख होते, पारदर्शक दोन घुमट होते. बिल कुशनबेरी नावाच्या कारागिराने पत्राकाम केलं, काळा रंग चढला, कडांना चमकदार लालसर पट्टी आली. २०१३ च्या लिलावात ही गाडी ४६ लाख डॉलरला गेली. पडून असलेला माल बघून त्यात उद्याची गरज ओळखणारी नजर आपल्या गॅरेजवाल्यांकडेही असते. कोपऱ्यातली गंजकी चॅसी ते उगाच वर्षानुवर्षं सांभाळत नाहीत.

‘बॅटमन बिगिन्स’ (२००५) मधला टंबलर वेगळाच प्राणी. पुढच्या चाकांना जोडणारा अॅक्सल नाही, आत मोठं व्ही८ इंजिन, आणि शिकागोच्या रस्त्यावर तो खरोखर पळवला गेला.

मिस्टर बीनच्या मिनीचा रंग कोणता?

लिंबोणी हिरवट-पिवळा, बॉनेट काळं. १९७७ चं मॉडेल, नंबर एसएलडब्ल्यू २८७ आर. पहिल्या भागातली मिनी नारिंगी होती, ती मोडल्यावर ही आली. दाराला कडी आणि कुलूप लावणं त्या पात्राचा सगळा स्वभाव एका वस्तूत आणतं. निळी तीनचाकी रिलायंट रीगल मात्र बिचारी दरवेळी त्याच्यापायी कलंडते.

पाठलागाचं सगळ्यात चांगलं दृश्य कोणतं?

‘बुलिट’, १९६८. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीनची गडद हिरवी फोर्ड मस्टँग आणि गुंडांची काळी डॉज चार्जर. सुमारे अकरा मिनिटं. पाठलागाला तोंड फुटतं आणि लालो शिफ्रिनचं संगीत थांबतं, पुढे फक्त इंजिन, गिअर आणि टायर ऐकू येतात. हल्लीच्या पाठलागांत ढोल इतके वाजतात की गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे हेच कळत नाही. ‘बुलिट’मध्ये डोळे मिटले तरी कळतं.

संकलनासाठी फ्रँक केलरला ऑस्कर मिळालं. चुकाही आहेत : तीच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा मागे पडते, आणि चार्जरच्या चाकांवरच्या थाळ्या असतील त्यापेक्षा जास्त निखळतात. दृश्याची पकड तरीही जराही ढिली होत नाही. त्यातली एक मस्टँग पुढे कित्येक वर्षं एका कुटुंबाकडे घरची गाडी म्हणून होती आणि २०२० मध्ये लिलावात ३७ लाख डॉलरला विकली गेली. तिचे ओरखडे, उडालेला रंग तसाच ठेवला होता. असंच ठेवायला हवं.

रोहित शेट्टीच्या सिनेमात गाड्या उडतात त्या खऱ्या का? की सगळं संगणकावर?

बऱ्याच खऱ्या असतात. ढोबळ पद्धत दोन प्रकारची. एक म्हणजे रॅम्प : एका बाजूची चाकं उतरत्या फळीवर चढवली की गाडी कुशीवर वळते. दुसरी म्हणजे तोफ. गाडीच्या तळाला एक जाड नळकांडं बसवतात, त्यात दाबाखालचा वायू आणि एक जड ओंडका किंवा लोखंडी दट्ट्या. बटण दाबलं की दट्ट्या जमिनीवर आदळतो आणि गाडी उलटते. आत पोलादी पाइपचा पिंजरा असतो, चालकाला चार-पाच ठिकाणी पट्टे असतात, पेट्रोलची टाकी काढून छोटी ठेवतात.

‘कसिनो रोयाल’ (२००६) च्या वेळी बाँडची अॅस्टन मार्टिन रॅम्पवर उलटेचना. गाडी बुटकी, वजन खाली. शेवटी तोफ बसवली आणि स्टंटमन अॅडम कर्लीने सात कोलांट्या घेतल्या. गिनेस बुकात नोंद झाली. अमेरिकन मालिका ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ (१९७९ ते १९८५) मध्ये तर उडी मारलेली नारिंगी चार्जर बहुतेक वेळा पुन्हा वापरण्याजोगी राहायची नाही. इंजिनाच्या वजनाने नाक खाली जाऊ नये म्हणून डिकीत वजन भरायचे. अशा तीनशेच्या आसपास गाड्या गेल्या असं मानतात. मला ते वाचताना वाईट वाटतं.

घरी, माळावर, पंचगंगेच्या घाटावर असलं काही करू नका. पिंजरा नसलेल्या गाडीचं छप्पर एका कोलांटीत बसतं.

आपल्या देशात गाडीला पात्र बनवणारा पहिला मोठा सिनेमा कोणता?

ऋत्विक घटकांचा ‘अजांत्रिक’, १९५८, बंगाली. बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची १९२० सालची शेव्हरोले, नाव जगद्दल. तो तिच्याशी बोलतो, तिला पाणी पाजतो, तिच्यावर रुसतो. घटकांनी ध्वनीचा असा वापर केलाय की रेडिएटरमध्ये पाणी पडताना ती घटाघट प्यायल्याचा भास होतो. शेवटी काय होतं ते सांगत नाही, बघा. माझ्या मते जगभरातल्या गाड्यांच्या सिनेमांत हा सगळ्यात वरचा. हर्बी ही बीटल, नंबर ५३, डिस्नेच्या पडद्यावर आली ती यानंतर दहा वर्षांनी.

सत्यजित राय यांचा ‘अभिजान’ (१९६२) असाच. सौमित्र चटर्जींचा नरसिंग आणि त्याची जुनी क्रायसलर. आणि १९५८ चाच ‘चलती का नाम गाडी’ : अशोक, किशोर, अनूप हे तिघे सख्खे भाऊ गॅरेजवाले, आणि पावसाळी रात्री बंद पडलेली गाडी घेऊन आलेली मधुबाला. गॅरेज हे प्रेमकथेचं घर होऊ शकतं हे त्या सिनेमाने दाखवलं.

‘आराधना’तली जीप आणि आगगाडी एकत्र चित्रित केली होती का?

जीपमधले राजेश खन्ना आणि सुजितकुमार दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेशेजारून जातात ते खरं. खिडकीतली शर्मिला टागोर मात्र नंतर स्टुडिओत. तिच्या तारखा रायांच्या सिनेमाला दिलेल्या होत्या. तरी नजरानजर झाल्यासारखी वाटते, ती संकलकाची कमाल.

‘टारझन द वंडर कार’ची गाडी कोणी बनवली?

दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने, टोयोटा एमआर२ वर. सिनेमा २००४ चा. बापाची जुनी गाडी पोरगा नव्याने घडवतो, तिच्यात बापाचा आत्मा. सिनेमा फार चालला नाही, पण तेव्हा शाळेत असलेल्या आमच्या गावच्या पोरांपैकी कितीतरी आज बॉडी शॉपमध्ये आहेत आणि पहिलं वेड या गाडीने लावलं असं सांगतात. सिनेमाचं यश गल्ल्यावर मोजायचं नसतं ते इथे.

‘कल्की’तली बुज्जी खरोखर चालते?

चालते. ‘कल्की २८९८ एडी’ (२०२४) साठी महिंद्राचे अभियंते आणि कोइम्बतूरची जयेम ऑटोमोटिव्ह्ज यांनी ती बनवली. वजन सुमारे सहा टन, पुढे दोन प्रचंड चाकं, मागे एक गोलाकार. आवाज कीर्ती सुरेशचा. भारतीय सिनेमात संगणकावर सहज काढता आली असती अशी गाडी लोखंडात उभी केली, याचा मला मनापासून आनंद आहे.

जुन्या हिंदी सिनेमात त्याच त्याच गाड्या का दिसतात?

कारण बाजारातच दोन-तीन होत्या. अँबॅसिडर (मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली, २०१४ पर्यंत बनली) म्हणजे मंत्री, कलेक्टर, पोलीस. फिएट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मध्यमवर्गाची आणि मुंबईच्या टॅक्सीची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ऐंशीच्या दशकात खलनायकाला काँटेसा मिळाली. गाडी बघूनच माणूस ओळखायचा.

मराठीत गाडी हे पात्र कुठे आहे?

कमी आहे, आणि ही उणीव मला टोचते. ‘दे धक्का’ (२००८) मधला मकरंद अनासपुरेचा नायक स्वतः यंत्रात डोकं घालणारा, मुलीच्या नाचाच्या स्पर्धेसाठी अख्खं कुटुंब गाडीतून मुंबईला निघतं. गाडीविना तो सिनेमा उभा राहत नाही. ‘फेरारी की सवारी’ (२०१२) हिंदी असला तरी मुंबईचा, मराठी लग्नघराचा आहे. सचिन तेंडुलकरकडे आधी असलेली फेरारी त्यात वापरली. पण उसाचा ट्रॅक्टर, वडाप, दुधाचा टेम्पो यांच्याभोवती कथा का लिहिली जात नाही? पहाटे गवळ्यांकडून कॅन गोळा करत फिरणाऱ्या टेम्पोला जेवढं माणसांचं ठाऊक असतं, तेवढं डीबी५ ला कधीच नसेल.

सिनेमात दिसते तशी गाडी उद्यमनगरात करून घेता येईल का?

हात आहेत, कायदा आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलंय. रंग बदलायचा तर आरटीओत अर्ज करून आरसी बुकात नोंद करा. बॉडी कापणं, छप्पर उडवणं, लाल-निळे दिवे, सायरन हे रस्त्यावर चालणार नाही. केवळ प्रदर्शनाला किंवा चित्रीकरणाच्या बंदिस्त जागेत ठेवायची प्रतिकृती करायची असेल तर गोष्ट वेगळी. ती ट्रेलरवरून न्या.

माझ्या आजोबांची जुनी फिएट आहे. ती शूटिंगला देता येईल का?

आधी वय बघा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटली असतील आणि मूळ रूप बदललं नसेल, तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद होते. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण पाच हजार. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण अशी नोंद झालेली गाडी रोज चालवता येत नाही आणि व्यावसायिक कामालाही नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढंच. म्हणून भाड्याने द्यायचा विचार असेल तर नोंदणी बदलण्याआधी कोल्हापूरच्या आरटीओत (एमएच ०९) जाऊन नीट विचारा.

दिलीच, तर युनिटकडून लेखी घ्या : कोण चालवणार, कॅमेरा कुठे बांधणार, बॉनेटवर क्लॅम्प लावणार का, ओरखडा आला तर कोण भरणार. सक्शन कपच्या खुणा जुन्या रंगावरून निघत नाहीत. गाडी चालू करायला तुमचा नेहमीचा मिस्त्री सोबत न्या आणि त्याची मजुरी युनिटकडून वेगळी ठरवा.

कोल्हापुरात जुनी, देखणी गाडी प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

शाही दसऱ्याला. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक त्या दिवशी मिरवणुकीत दसरा चौकात येते. दुपारीच जाऊन जागा धरा, आणि लहान पोरांना खांद्यावर घ्या, नाहीतर त्यांना फक्त टोप्या दिसतात.